बाळ हातातून घेऊ नका, काम हाताशी द्या

पाय अधू असलेली सून बाळंत होते. सासू, जाऊ, नणंद धावून येतात. बाळाला अंघोळ त्याच घालतात, लंगोट त्याच बदलतात, रडले तरी उचलतात त्याच. "तुला नाही जमायचं गं, पडलं-बिडलं तर?" यात माया असते. पण बाळ आईजवळ फक्त पाजण्यापुरते येऊ लागते. पाजणे कमी झाले की दूध कमी होते, मग बाटली येते. शेवटी आईलाही वाटते, खरेच आपल्याला जमत नाही.

नरसी नामदेव असो की हिंगोली जिल्ह्यातली दुसरी कोणतीही वस्ती, असे आई-बाप आपल्यात आहेत. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. त्याआधी पोलिओ झालेली मुले आता संसाराला लागली आहेत. सोयाबीनच्या मळणी यंत्रात हात गेलेले बापही आहेत. त्यांना बाळ सांभाळता येते. फक्त कामाची मांडणी बदलावी लागते.

आपले घर जमिनीवरचे, हीच सोय

उंच पाळणा, उंच टेबल आपल्याकडे नाही. अंघोळ, पाजणे, निजवणे सगळे जमिनीवरच होते. बसून सरकणाऱ्या आईला हे सोयीचे आहे. भिंतीला टेकून बसता येईल अशी एक जागा ठरवा. लंगोट, दुपटी, पाण्याचा तांब्या, बाळाचे कपडे तिच्या हाताच्या अंतरावर ठेवा. झोळी बांधायची तर आईला बसून हात पोचेल इतकी खाली बांधा, आणि खाली गोधडी अंथरा. रात्री मात्र बाळाला सपाट जागी, पाठीवर निजवा.

पाजणे

पहिल्या तासात अंगावर पाजा. सहा महिने फक्त आईचे दूध द्या, वरचे पाणीही नको. नवे बाळ दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पिते. हात किंवा पाठ दुखत असेल तर कुशीवर निजून पाजा. पाठीमागे गुंडाळलेली गोधडी ठेवा. बसून पाजताना मांडीवर उशी घ्या, म्हणजे बाळाचा भार हातावर येत नाही. झोप येऊ लागली तर बाळाला बाजूला ठेवायला कोणाला तरी हाक मारा.

उचलणे आणि नेणे

दोन्ही हातांत कुबड्या असतील तर बाळ घेऊन चालू नका. बाळ दुसऱ्याने आणून द्यावे. लुगड्याने छातीशी बांधले तर बाळाचे तोंड दिसत राहिले पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये. तीनचाकी सायकलवर बाळ मांडीवर मोकळे ठेवू नका.

एका हाताच्या बापाने बाळाजवळ बसावे. बाळाचे डोके कोपराच्या खोबणीत, मांडी पंजात, असे धरून छातीशी आणावे. नाडीच्या लंगोटाची एक बाजू आधीच बांधून ठेवली तर दुसरी गाठ घरातल्या कोणीही मारावी. समोरून उघडणारे झबले एका हातानेही घालता येते.

अमेरिकेत बर्कले येथे 1982 पासून 'थ्रू द लुकिंग ग्लास' ही संस्था दिव्यांग पालकांसोबत काम करते. अशा घरांतली लहान बाळेही पालकाच्या पद्धतीशी जुळवून घेतात, असे तिच्या कामातून दिसले. उचलताना ती स्थिर राहतात, धरून ठेवतात. पण त्यासाठी बाळ रोज त्या हातांत यायला हवे.

अंघोळीत एक धोका

आपल्याकडे पाय लांब करून त्यावर बाळाला न्हाऊ घालतात. पोलिओत पायातली ताकद जाते, स्पर्श कळतो. कुष्ठरोगाने किंवा मणक्याच्या दुखापतीने स्पर्शच जाऊ शकतो. कढत पाणी पडले तरी कळत नाही. आई भाजते आणि बाळही. म्हणून पाणी नेहमी कोपराने तपासा. कोपरालाही कळत नसेल तर दुसऱ्याने तपासावे. अशा वेळी बाळाला पायांवर न घेता खाली टॉवेल घालून पसरट टबात न्हाऊ घाला, आणि डोके धरायला एक माणूस जवळ ठेवा.

रांगू लागल्यावर

आई धावू शकत नाही, म्हणून घरानेच बाळाला अडवले पाहिजे. दाराला आडवी फळी लावा. चुलीभोवती आडोसा करा. बादली आणि हौद झाका. थोड्या पाण्यातही बाळ बुडते. पायात घुंगराचे वाळे घाला. बाळ कुठे गेले ते आवाजावरून कळते.

हक्काचे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 9 सांगते की, दिव्यांग मुलाला अपंगत्वाच्या कारणावरून आई-बापांपासून वेगळे करता येत नाही. बाळाच्या हितासाठी गरज असेल तर फक्त न्यायालयच तसा आदेश देऊ शकते. नवरा किंवा सासर हे ठरवू शकत नाही.

40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेली आई प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत बसते. पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. अर्जासाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटा. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना आपली अडचण मोकळेपणाने सांगा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, नेण्या-आणण्याचे वाहनही मोफत आहे. 102 नंबर घरात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेले आहे, श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक आहे, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा नाळेतून पू येतो, तर त्याच वेळी निघा. सकाळची वाट पाहू नका.

आणि घरातल्या मोठ्यांना एवढेच सांगणे आहे. मदत जरूर करा. पाणी आणून द्या, बाळ उचलून आईच्या मांडीवर द्या, जवळ बसा. पण न्हाऊ तिलाच घालू द्या. पहिले काही दिवस वेळ लागेल. नंतर तिचे हात स्वतःची रीत शोधून काढतात.