वेल्डरने हायस्कूलमध्ये शिकवावं का?

प्रश्न : माझं गावात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड अशी कामं घेतो. दहावी सुटली नाही, म्हणून आयटीआयला वेल्डर ट्रेड केला. आता हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणतात, आठवड्यातून एक दिवस येऊन आठवी-नववीच्या मुलांना वर्कशॉप शिकवा, मानधन देऊ. बी.एड. नसलेल्या माणसाने शाळेत शिकवलेलं चालतं का? आणि दुकान सांभाळून हे जमेल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : चालतं, आणि आपल्याकडे ते बरीच वर्षं चालत आलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरची नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि 1983 साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकायचं, असा अभ्यासक्रम त्यांनी बसवला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. हे शिकवायला माणसं घेतली ती आसपासची, त्या त्या कामात मुरलेली. त्यांना निदेशक म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम शिकावं, असं म्हटलं आहे.

कायम शिक्षकाच्या जागेला बी.एड. लागतंच. तुम्हाला बोलावलंय ते मानधनावर. तरी कोणत्या योजनेखाली घेताहेत ते आधी विचारा, कारण प्रत्येकीच्या पात्रतेच्या अटी निराळ्या असतात. मानधन किती आणि कधी मिळणार, हे लेखी घ्या. संकोच करू नका.

दहावीचं मनातून काढून टाका. मी 26 वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. एकदा शाळेच्या गेटचं काम चालू होतं. वेल्डरने चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारले, टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लावली, मग दुसऱ्या जोडीला लावली. आठ मिलिमीटरचा फरक आला. त्याने लांब भरलेल्या कोपऱ्यावर हातोडीचे दोन हलके ठोके दिले, परत मोजलं, दोन्ही मापं जुळली, तेव्हा म्हणाला, ‘आता गुण्यात आलं.’ आयताचे कर्ण समान असतात, हे मी नववीच्या वर्गात दर वर्षी फळ्यावर सिद्ध करत होतो. त्या दिवशी पोरांना मैदानात नेलं आणि ते काम दाखवलं. तो धडा मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. काम तुमच्या हाताला येतं, पण ते तोंडाने सांगायची वेळ तुमच्यावर कधी आलेली नाही. दुकानातला पोऱ्या वर्षभर बघत बघत शिकतो; शाळेतल्या मुलाला आठवड्यातला एकच दिवस मिळतो. तो रॉड टेकवतो, रॉड चिकटतो, तो घाबरून ओढत बसतो. ‘बघ, असं कर’ म्हणून भागत नाही. काडी ओढावी तसा रॉड पत्र्यावर घासायचा, ठिणगी पडली की लगेच किंचित उचलायचा, रॉडच्या जाडीएवढं अंतर ठेवायचं. दहा नंबरचा रॉड असेल तर तीन मिलिमीटरच्या आसपास. अंतर बरोबर असलं की तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. वाढलं की आवाज फुटतो आणि शिंतोडे उडतात. चिकटलाच तर मनगट आडवं वळवून सोडवायचा. हे सगळं तुम्ही रोज करता, पण मोजून कधी पाहिलं नसेल. एका रात्री दुकान बंद केल्यावर स्वतःचे हात सावकाश चालवून बघा आणि प्रत्येक हालचाल वहीत लिहा. शिक्षकाची तयारी ती हीच. त्याने तुमचं स्वतःचं कामही सुधारेल.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. आपल्यातले किती तरी कारागीर टाके मारताना काच न लावता नुसते डोळे मिटून घेतात. मुलांसमोर हे एकदाही करू नका, कारण मुलं तुमच्या सांगण्यापेक्षा तुमच्या करण्याकडे बघतात. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्या वेळी काही वाटत नाही; काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पोर रात्रभर तळमळतं. जितकी मुलं जवळ उभी, तितक्या काचा हव्यात. बाकीच्यांना पडद्याआड ठेवा. सुती कपडे, बूट आणि मशीनचं अर्थिंग तपासल्याशिवाय स्विच पाडू नका. शाळा एवढं सामान देत नसेल, तर वेल्डिंग शिकवायला सरळ नकार द्या.

दुकानाचं म्हणाल, तर आठवडी बाजाराचा दिवस सोडून दुसरा वार ठरवा. शेडच्या कामाची खरी घाई पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात असते आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. त्रास होईल तो दुसऱ्याच गोष्टीचा. शाळेची मोडकी बाकं तुमच्याकडे येतील. मुलांच्या हातून दुरुस्त करून घेतलीत तर तो तास झाला. तुम्हीच रविवारी एकटे बसून केलीत तर ती वेठ झाली. त्याचं बिल द्या.

मुख्याध्यापकांना होकार कळवा. पहिल्या दिवशी मशीन नेऊ नका. टेप, गुण्या आणि खडू घेऊन जा, आणि वर्गाचं दार गुण्यात आहे का ते मुलांना मोजायला लावा.