‘(सल्ल.)’ : अक्षरे थोडी, दुआ पूर्ण

मराठीतील इस्लामी साहित्यात अंतिम प्रेषितांच्या नावापुढे कंसात ‘(सल्ल.)’ किंवा ‘(स.)’ असे छापलेले असते. मुले मोठ्याने वाचू लागली की पुष्कळदा ‘सल्ल’ एवढेच उच्चारून पुढे जातात. हा स्वतंत्र शब्द नाही. एका दुआचा तो तुटलेला आरंभ आहे.

पूर्ण वाक्य असे : सल्लल्लाहु अलैहि व सल्लम. यात ‘सल्ला’ हे क्रियापद असून अल्लाह त्याचा कर्ता आहे. ‘अलैहि’ म्हणजे ‘त्यांच्यावर’, तर ‘सल्लम’ हे ‘सलाम’ याच धातूपासून आलेले रूप. क्रियापदांचे रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ प्रार्थनेचा आहे : अल्लाह त्यांच्यावर कृपा आणि शांती अवतरित करो.

या दुआचा आधार पवित्र कुरआनात आहे. अल्लाह आणि त्याचे फरिश्ते प्रेषितांवर सलात पाठवतात, म्हणून श्रद्धावंतांनीही सलात व सलाम पाठवावा, असा सूरह अल-अहजाबच्या 56 व्या आयतीचा आशय आहे. अल्लाहची सलात म्हणजे कृपा व गौरव, फरिश्त्यांची आणि आपली सलात म्हणजे दुआ, असा अर्थ विद्वानांनी सांगितला आहे. आपण जिला ‘दुरूद’ म्हणतो ती हीच; तो शब्द मात्र फारसी आहे.

मग संक्षेप कोठून आला? हदीसच्या हस्तलिखितांत प्रेषितांचे नाव एकेका पानावर अनेकदा येई. काही लेखनिक संपूर्ण दुआऐवजी स्वाद, लाम, ऐन, मीम ही चारच अक्षरे लिहू लागले. उर्दूत नावावर छोटा ‘स्वाद’ काढण्याची रीत पडली आणि देवनागरी छपाईत ‘सल्ल.’ आले. हदीसशास्त्राचे इमाम इब्नुस्सलाह (मृत्यू हि. 643, इ. स. 1245) यांनी मात्र विद्यार्थ्यांना बजावले होते की पुनरुक्तीचा कंटाळा करू नये आणि खुणेवर भागवू नये. इमाम नववी यांचेही मत असेच होते.

जागेच्या अडचणीमुळे संक्षेप छापला गेला, तरी जिभेला ती अडचण नाही. पत्रातील ‘सा. न. वि. वि.’ आपण ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असेच वाचतो. मग प्रेषितांसाठीची दुआ अर्धवट का सोडावी? जो एकदा दुरूद पाठवतो त्याच्यावर अल्लाह दहा वेळा कृपा करतो, असा सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय आहे. ‘सल्ल’ म्हणून पुढे जाणारा वाचक हा लाभ हातचा घालवतो.

हीच दक्षता इतर संक्षेपांबाबतही हवी. ‘(अलै.)’ म्हणजे अलैहिस्सलाम. ‘(रजि.)’ हजरत अबू बक्र यांच्या नावापुढे ‘रजियल्लाहु अन्हु’ असे, तर हजरत आयशा यांच्या नावापुढे ‘रजियल्लाहु अन्हा’ असे वाचावे. हा भेद कंसात दिसत नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांनीच मुलांना शिकवला पाहिजे.

आपल्या जिभेला पूर्ण दुरूदाची सवय लागो, अशी तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.