गाडी कोण चालवत होते?

सातव्या आणि आठव्या आज्ञेवरचा पाठ आम्हा पतिपत्नीने आमच्या वॉर्डच्या समूहात दोनदा घेतला. पहिल्या वेळी शब्द खरे होते, पण बोलणारे खोटे होते. दुसऱ्या वेळी जे सांगितले ते पत्रिकेसाठी लिहून द्या असे फादर म्हणाले. मुलाची परवानगी घेऊन लिहीत आहोत.

जुलै २०२४ मधली गोष्ट. रात्री पाऊस कोसळत होता. आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्राला स्टेशनवर सोडायला गाडी घेऊन गेला. त्याच्याकडे फक्त लर्निंग लायसन्स होते. त्यावर गाडी चालवायची तर पक्के लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी बसलेली असावी लागते. परत येताना तो एकटाच होता. बावखलाजवळच्या वळणावर गाडी घसरली आणि दगडी कठड्यावर आदळली. देवाच्या कृपेने कोणालाही इजा झाली नाही. बंपर, हेडलाइट, रेडिएटर आणि पुढचा पत्रा गेला. खर्च ३८,४०० रुपये.

विम्याच्या क्लेम फॉर्मवर तारीख, वेळ आणि ठिकाणाबरोबर एक प्रश्न असतोच: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होते? त्याचे नाव आणि लायसन्स नंबर. खरे लिहिले असते तर क्लेम मंजूर झाला नसता. आमचे एक नातेवाईक म्हणाले, "अहो, हप्ता कशाला भरता मग? सगळेच करतात." नवऱ्याने स्वतःचे नाव लिहून सही केली. दोन दिवसांनी सर्व्हेअरने घरी फोन केला. तो बायकोने उचलला. त्याने सहज विचारले, "साहेबच चालवत होते ना?" ती म्हणाली, "हो, तेच." मुलगा समोर जेवत होता.

पैसे मंजूर झाले, गाडी चकाचक होऊन आली. आमच्या मनाला फारसे टोचले नाही हेही कबूल करतो. माणसाच्या खिशातले चोरले तर चोरी, कंपनीचे घेतले तर हुशारी, अशी आपली समजूत असते. पण विमा कंपनी आपल्या घरचे पैसे वाटत नसते. हजारो लोकांनी भरलेल्या हप्त्यांचा तो सामाईक डबा आहे. ज्याची गाडी खरोखर ठोकली त्याने त्यातून घ्यावे, बाकीच्यांनी आपल्यावर वेळ आली नाही म्हणून देवाचे आभार मानावे, अशी ती व्यवस्था आहे. खोटे क्लेम वाढले की हप्ते वाढतात, आणि ते प्रामाणिक शेजाऱ्यालाही भरावे लागतात. शिवाय हा सगळा व्यवहार शब्दावर चालतो. आमच्या बावखलाजवळ त्या रात्री काय घडले ते कंपनीला कुठून दिसणार? १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायमूर्तींनी विम्याच्या एका खटल्यात हेच तत्त्व मांडले होते: विमा देणारा घेणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून असतो, म्हणून काहीही न लपवण्याची जबाबदारी मोठी. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीचाही पाया तोच. खोट्या माहितीवर क्लेम केला तर नुसती फुगवलेली रक्कम नव्हे, सगळाच क्लेम जाऊ शकतो.

त्याच पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, समूहात आज्ञांचा पाठ घ्यायची पाळी आमची आली. आम्ही प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, निवडला: हनन्या आणि सप्पीरा. जमीन विकून आलेल्या पैशांतले थोडे मागे ठेवले आणि सगळे दिले असे भासवले, अशी ती पतिपत्नीची कथा. पेत्राने दोघांना वेगवेगळे विचारले. सप्पीराला तर त्याने नेमकी किंमत विचारली, म्हणजे खरे सांगायची संधी दिली. हे वाचत असताना आमचा मुलगा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. घरी जाताना कोणीच बोलले नाही. सर्व्हेअरचा तो फोन सप्पीराला विचारलेल्या प्रश्नासारखाच होता, हे त्या रात्री आम्हाला कळले. नवऱ्याने खोटे लिहिले होते तरी बायकोला वेगळी संधी मिळाली होती. आणि मुलाला काय मिळाले? अडचणीत सापडलास तर आईबाप तुझ्यासाठी खोटे बोलतील, हा धडा.

तरीही कुमसाराला जायला आम्हाला प्रायश्चित्तकाळ उजाडला. मार्च २०२५. कुमसारात काय बोललो ते आमचे आम्हीच सांगत आहोत. फादरांनी शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "पैसे परत केले का?" आम्हाला वाटले होते, पश्चात्ताप केला की झाले. तसे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात दोन ठिकाणी हे स्पष्ट आहे. क्रमांक १४५९ सांगतो की क्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. क्रमांक २४१२ सांगतो की अन्यायाने घेतलेली वस्तू मालकाला परत करणे हे न्यायाचे देणे आहे, आणि तिथे जक्कयाचे उदाहरण दिले आहे. जक्कयाने चौपट देऊ केले होते. जुन्या करारात, लेवीय आणि गणना या पुस्तकांत, खोटे बोलून घेतलेली मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा देण्याचा नियम आहे. गणनेत तर आधी कबुली द्यायची आणि मग परतफेड करायची, असा क्रम आहे.

स्वतःला उघडे न पाडता परतफेड करता येते, असे नीतिशास्त्र मानते. फादरांनीही तो मार्ग सांगितला. पण बिननावी पैसे कंपनी कोणत्या खात्यात जमा करणार? आणि मुलाने जे पाहिले होते ते लपूनछपून पुसता आले नसते. म्हणून आम्ही आधी धर्मग्रामातल्या एका वकिलांना भेटलो. त्यांनी धीर दिला, खोटी आशा मात्र दिली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. फसवून दुसऱ्याची मालमत्ता घेणे हा कलम ३१८ खाली गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे परत केले म्हणून गुन्हा आपोआप मिटत नाही. मात्र स्वतःहून केलेली कबुली दुर्लक्षित होत नाही, असे ते म्हणाले. ती रात्र आम्ही जागून काढली. पत्रावर तिघांनी सह्या केल्या.

पुढे काय झाले? कंपनीच्या कार्यालयात एका तरुण अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचले आणि विचारले, "तुम्हाला कोणी पकडले का?" नाही म्हटल्यावर तो वरिष्ठांकडे गेला. महिन्याभराने उत्तर आले. पोलीस तक्रार केली नाही, रक्कम व्याजासह घेतली आणि पॉलिसी रद्द केली. पाचवा हिस्सा, ७,६८० रुपये, कंपनीने घेतला नसता. तो आम्ही सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला दिला. गॅरेजवाला मात्र आमच्याशी बोलत नाही. आपल्यावर चौकशी येईल असे त्याला वाटते, आणि त्याचा राग आम्हाला समजतो. ते नातेवाईकही नाताळला आले नाहीत.

ज्यांच्या मनात अशीच एखादी गोष्ट आहे त्यांना आमचे इतकेच सांगणे: खोट्या बिलाचा मेडिक्लेम असो की जुन्या पोच्यावर मागितलेले पैसे, आधी कुमसार करा, मग वकिलाला भेटा, आणि मगच पत्र लिहा. पत्रात कारणे देऊ नका, काय घडले तेवढे लिहा. आम्ही पहिल्या मसुद्यात पावसाला, रस्त्याला आणि नातेवाइकांना दोष दिला होता. मुलाने ती वाक्ये खोडली.

नवी पॉलिसी घेताना अर्जात प्रश्न असतो: पूर्वी कोणत्याही कंपनीने तुमचा विमा नाकारला किंवा रद्द केला आहे का? आम्ही "होय" लिहिले. दोन कंपन्यांनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायला नकार दिला. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा तेवढा मिळाला. म्हणजे यंदा गाडी ठोकली तर खर्च आमचाच. मुलाला मे महिन्यात पक्के लायसन्स मिळाले आहे. बावखलाच्या वळणावर तो आता गाडी फारच हळू चालवतो, इतकी की मागचे हॉर्न वाजवतात.