पाण्याकडे कोण बघतंय?

साखरपुडा झालेल्या जोडप्यांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय आहे आणि बहुतेक काम मालवणच्या किनाऱ्यावरचं. तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात. बोलणारा मुलगा मुंबईचा, पुण्याचा नाहीतर कोल्हापूरचा. आजोळ इथलं असतं किंवा होणाऱ्या बायकोचं गाव जवळपास असतं. दोन मिनिटांत तो मुद्द्यावर येतो, "दादा, काहीतरी हटके हवंय." तारकर्ली सगळ्यांच्या अल्बमात आहे, देवबागचा संगमही आहे. मग तो एक रील पाठवतो. सुरूचं बन, माणूस नसलेली लांबच लांब वाळू, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तोंडवली.

जागा देखणी आहे यात वाद नाही. पण ती कशी बनली आहे हे समजून घेतल्याशिवाय तिथे जोडपं नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. गड नदीचं पाणी कालावलच्या खाडीतून येतं आणि समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला धरून वाहत राहतं. खाडी आणि समुद्र यांच्या मध्ये उरलेली चिंचोळी पट्टी म्हणजे तोंडवली-तळाशील. तळाशीलच्या टोकाला खाडीचं मुख, पलीकडे सर्जेकोट. पावसाळ्यात लाटा इथली जमीन खातात, माड उन्मळून पडतात आणि तळाशीलचे लोक बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालतात. मुखाजवळचे वाळूचे दांडे तर जागा बदलत राहतात. गेल्या मोसमात जिथे गुडघाभर पाण्यात फोटो काढले तिथे यंदा माणूस बुडेल इतकं खोल असू शकतं. म्हणून जुना फोटो दाखवून इथली जागा ठरवता येत नाही.

माझं हे मत पक्कं करणारा प्रसंग घडला तो याच टोकाला. फेब्रुवारीतली चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. काम बाहेरून आलेल्या एका टीमचं. मी स्थानिक म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यावर होतो. पावणेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती आणि मुखाच्या अलीकडे वाळूचा मोठा दांडा उघडा पडला होता. दांडा आणि किनारा यांच्या मधल्या चरात घोट्याएवढं पाणी. सगळे सहज चालत पलीकडे गेलो. मुलीच्या अंगावर भाड्याने आणलेला लाल गाऊन होता, मागे वाळूवर लोळणारा लांबलचक घोळ.

सहा वाजता मी म्हटलं, पाणी फिरलंय, आता आवरू या. उत्तर आलं, "खरा लाईट तर आत्ता सुरू होतोय." ते खरंच होतं. साडेसहाला सूर्य बुडतो आणि त्यानंतर आकाश रंगतं; त्या रंगासाठीच तर लोक इतक्या लांब येतात. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला होती. ड्रोनवाला स्क्रीनमध्ये, लाईट धरणारा पोरगा मुलीच्या चेहऱ्याकडे, मुलगी लेन्सकडे. भरती समोरून येताना दिसेल असं माणसाला वाटतं. पण ती आधी पाठीमागच्या चरात भरते, कारण चर दांड्यापेक्षा खोल असतो. परतायला वळलो तेव्हा घोट्याचं पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि खाडीच्या दिशेने जोराने ओढत होतं.

मुलगी चरात उतरली आणि गाऊनच्या घेराने पाणी धरलं. कोरडा असताना वाऱ्यावर उडणारा तो कपडा आता तिला उचलवेना. घोळ पायांत गुंतला आणि ती आडवी झाली. मुलगा तिला धरायला गेला, त्याला पोहता येत नव्हतं. किनाऱ्यावर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं आवरत असलेले लोक मघापासून ओरडत होते, "भायर येवा रे, पाणी फिरला!" वाऱ्यात आणि आमच्या स्पीकरवरच्या गाण्यात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. त्यांच्यातले काही जण दोर घेऊन चरात उतरले. एकाने कोयतीने गाऊनचा घोळ कापला तेव्हा कुठे ती मोकळी झाली.

दोघंही वाचली. सामान वाहून गेलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मला लागलं ते त्या मुलीचं नंतरचं बोलणं. सुरूच्या बनात शाल पांघरून बसली होती, दात वाजत होते. म्हणाली, "मला पाण्यात जायचंच नव्हतं. पण सगळ्यांनी एवढा खर्च केलेला, त्यालाही हवं होतं. मग नाही कसं म्हणणार?"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. साखरपुडा ते लग्न हा काळ नाजूक असतो. ठरवून जमलेल्या लग्नात तर दोघांची ओळख अजून जेमतेम झालेली असते. आपण भित्रे दिसू नये, हट्टी वाटू नये, समोरच्याचा हिरमोड होऊ नये, या काळजीत दोघंही असतात. मुलगाही घाबरलेला असतो, पण तो ते तिच्यासमोर दाखवत नाही. अशा वेळी "जमेल ना?" असं सगळ्यांदेखत विचारलं तर उत्तर "हो" हेच येणार. त्या "हो"ला मी आता संमती मानत नाही.

म्हणून शूटच्या आधी मी दोघांशी वेगवेगळं फोनवर बोलतो. पोहता येतं का, पाण्याची किंवा उंचीची भीती वाटते का, दमा, फिट, चक्कर असं काही आहे का, हे साध्या शब्दांत विचारतो. मुलीशी बोलायला शक्यतो माझी सहकारी असते, कारण पाळीसारखी गोष्ट ती मला सांगणार नाही. शिवाय एक खूण ठरवून ठेवतो. दोघांपैकी कुणीही कानाच्या पाळीला हात लावला की मी म्हणतो, "इथला लाईट गेला, पुढे जाऊ या." कारण माझ्या तोंडून जातं आणि कुणी कुणासमोर कमी ठरत नाही. ही खूण फार वेळा वापरली जाते. यावरून आधी किती जोडपी मनाविरुद्ध उभी राहत असतील याचा अंदाज येतो.

असे अपघात आमच्याच किनाऱ्यावर घडतात असं नाही. ९ नोव्हेंबर २०२० ला कर्नाटकात तलकाडजवळ कावेरीत लग्नाआधीचे फोटो काढताना लहान नाव कलंडली आणि लग्न ठरलेली दोघंही बुडाली. डिसेंबर २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात लग्नाच्या आदल्या दिवशी एक जोडपं सेल्फी घेताना खाणीच्या खोल पाण्यात पडलं. ते वाचलं, पण लग्न पुढे ढकलावं लागलं. आणि आपल्या तारकर्लीजवळ २४ मे २०२२ ला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो दिवस मालवणात कुणी विसरलेलं नाही.

आता पाण्याबद्दल. शूटची वेळ बहुतेक जण सूर्यास्तावरून ठरवतात. किनाऱ्यावर ती आधी तिथीवरून ठरवावी. आमच्याकडचे जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास भरती. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. पण अंदाजावरूनही एक गोष्ट लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते, ओली वाळू दूरवर उघडी पडते आणि तिच्यात आकाशाचं सुंदर प्रतिबिंब मिळतं. फोटोग्राफर हेच दिवस मागतात. नेमकं तेव्हाच उधाण असतं, म्हणजे अंधार पडताना परत येणारं पाणी सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगाने येतं. अष्टमीच्या भांगाला पाण्याचा चढउतार कमी असतो.

वेगाचं गणितही सांगतो. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग वर येतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग. पहिल्या तासात पाणी हललेलंच वाटत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. आम्ही परत वळलो तेव्हा तिसरा तास लागला होता. ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाशी धोका उलटा असतो. तेव्हा पाणी बाहेर, समुद्राकडे ओढतं. म्हणून मुखाजवळ मी जोडपं नेतच नाही, तिथी कुठलीही असो.

दुसरी गोष्ट माणसाची. कॅमेऱ्यात बघणाऱ्याला फ्रेमबाहेरचं दिसत नाही, आणि कितीही अनुभव असला तरी हे बदलत नाही. त्यामुळे टीममध्ये एक माणूस असा हवा, ज्याच्या हातात कॅमेरा नाही, लाईट नाही, फोनसुद्धा नाही. त्याने फक्त पाण्याकडे आणि परतीच्या वाटेकडे बघायचं. तो त्याच वाडीतला मासेमारी करणारा असावा, त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी आणि तो "चला" म्हणाला की चर्चा न करता निघावं. हे पैसे जोडप्याच्या पॅकेजमध्ये उघडपणे लिहावेत. आजवर कुणी ते द्यायला नकार दिलेला नाही. स्पीकर तर आणूच नये. हाक ऐकू आली पाहिजे.

लांब घोळाचा गाऊन पाण्यात नको, अगदी घोट्याएवढ्याही नको. कोरड्या वाळूवर तो हवा तेवढा उडवा. पाण्यात पाय घालायचेच असतील तर मला नऊवारी बरी वाटते. कासोटा असल्याने पाय मोकळे राहतात आणि चालता येतं. खरं तर लाटेजवळ जाण्याची गरज पुष्कळदा लेन्स बदलून संपते. १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स लावून लांबून फोटो काढला तर मागची लाट जोडप्याच्या खांद्याला लागल्यासारखी दिसते आणि ती दोघं मात्र कोरड्या वाळूवर असतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवला तर ओंजळभर पाण्यातही पूर्ण प्रतिबिंब मिळतं. फोटोत थरार दिसण्यासाठी माणसं थरारात असावी लागत नाहीत. उलट घाबरलेल्या माणसाचे खांदे वर चढलेले असतात, हसू ओठांवरच थांबतं, आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं.

होडीत उभं राहून मिठी मारण्याचा फोटो मी काढत नाही. लाईफ जॅकेट घालून बसलेलं जोडपं जॅकेटवर शाल घेऊनही छान दिसतं. पावसाळ्यात होड्या आणि जलक्रीडा बंद असतात तेव्हा जास्त पैसे देऊन कुणाला होडी काढायला लावू नये. पावसात लोक आंबोलीला वळतात. तिथल्या कावळेसादला धुकं आलं की दरीचा काठ आणि गवत यातला फरक कळत नाही, आणि उलटा वारा अंगावर येतो. रेलिंगच्या आतच उभं राहावं. मुंबईत फोटो हवे असणाऱ्यांना मी रविवारची सकाळ आणि बॅलार्ड इस्टेट, हॉर्निमन सर्कल सुचवतो. रेल्वे रुळांवरचा फोटो नाही म्हणजे नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे आणि गाडी हॉर्न द्यायच्या आत येते.

ड्रोनबद्दल थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी आणि उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे, त्यामुळे इथे कुठेही उडवण्याआधी डिजिटल स्कायवरचा नकाशा बघावा. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे; तिथल्या व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते.

आणि तोंडवली हे गाव आहे, हे मनात असू द्या. सुरूच्या बनात वाळलेल्या सुयांचा थर असतो. तिथे धुराच्या नळ्या आणि फुलबाज्या पेटवू नका. वाळूवर गाडी घालू नका. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात. घरटं चाकाखाली गेलं तर कळतही नाही, आणि रात्रीच्या लाईटमुळे पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. या कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. होडीवर बसून फोटो हवा असेल तर मालकाला विचारा आणि चपला खाली काढा. नारळी पौर्णिमेला त्या होडीची पूजा झालेली असते. रापण ओढणाऱ्यांना पार्श्वभूमी समजून त्यांच्या दोरांमधून फिरू नका. त्या संध्याकाळी दोर त्यांच्याचकडे होता.

लग्न ठरलेल्या मुला-मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. किनाऱ्यावर शूट करायचं असेल तर फोटोग्राफरला तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी पूर्ण ओहोटी किती वाजता आहे, परत यायची वाट कोणती, आणि सगळे कॅमेऱ्यात गुंतलेले असताना पाण्याकडे कोण बघणार आहे. मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर अल्बम कितीही सुंदर असो, त्या फोटोग्राफरला ॲडव्हान्स देऊ नका.