लांब पल्ल्याची शिकार : नेम आणि नियम

दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला डोंगर, दरीच्या पलीकडे चरणारे एक हरीण आणि अलीकडे रायफल टेकवून पालथा झोपलेला एक माणूस. मधले अंतर ९०० मीटरच्या वर. बार झाला, हरीण कोसळले, सोबतच्या लोकांनी त्या माणसाची पाठ थोपटली. भाऊ म्हणाला, "तुम्हाला शाळेत हेच शिकवतात ना?" मी मोठ्या ऐटीत "हो" म्हणालो.

शाळेत परतल्यावर ही गोष्ट आमच्या फायरिंगच्या उस्तादांना सांगितली. त्यांनी फक्त विचारले, "गोळीला पोचायला किती वेळ लागला?" मला सांगता आले नाही. ते म्हणाले, आधी ते काढ, मग कौतुक कर. हा लेख त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, मग या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपण रायफल हाताळतो. ती कोणावर, किती अंतरावरून आणि कोणत्या हक्काने चालवायची, हा प्रश्न रायफल हाताळणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आता गणित. नेहमीच्या .३०८ काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते. हवेच्या विरोधामुळे तिचा वेग सतत घटत जातो, त्यामुळे ९०० भागिले ८०० असा सरळ भागाकार चालत नाही (मी आधी तोच केला होता). ३०० मीटरला तिला सुमारे ०.४ सेकंद लागतो, ६०० मीटरला जवळपास १ सेकंद, आणि ९०० मीटरला दीड सेकंदाहून जास्त. मोठे मॅग्नम काडतूस थोडे लवकर पोचते, पण फार फरक पडत नाही. या वेळात गोळी खाली पडत असते. नववीच्या पुस्तकातले सूत्र लावले तर १ सेकंदात ४.९ मीटर, आणि १.६ सेकंदात साडेबारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीच्या उंचीइतकी! हवेमुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी येतो.

गुरुत्वाकर्षण मात्र रोज सारखेच असते, त्यामुळे त्याचा हिशेब करता येतो. दुर्बिणीवरची चकती तेवढी फिरवली की काम झाले. खरी अडचण वाऱ्याची आहे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ६०० मीटरवर या गोळीला सुमारे १ मीटर बाजूला नेतो. समजा, वाऱ्याचा अंदाज ताशी ५ किलोमीटरने चुकला, तर गोळी सुमारे ३० सेंटीमीटर बाजूला लागेल. दरी ओलांडताना वारा तीन ठिकाणी तीन प्रकारचा असतो, आणि नेमबाजाला फक्त स्वतःच्या गालावरचा कळतो. व्हिडिओतल्यासारख्या हरणाचे वर्म, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसे असलेली जागा, सुमारे २५ सेंटीमीटरची असते. मधोमध नेम धरला तरी दोन्ही बाजूंना साडेबारा सेंटीमीटरच उरतात. ३० सेंटीमीटरची चूक म्हणजे गोळी पोटात किंवा पुढच्या पायात.

वाराही सरावाने ओळखता येतो असे मानू. तरी एक गोष्ट उरते. चरणारे जनावर मध्येच एक पाऊल टाकते. सावकाश चालणारे हरीण सेकंदाला सुमारे १ मीटर पुढे जाते. चाप ओढताना ते स्तब्ध उभे होते, नेम अचूक होता, वारा बरोबर धरला होता, आणि गोळी हवेत असताना त्याने पाऊल उचलले. इथे नेमबाजाची काहीच चूक नाही, आणि त्याला काही करताही येत नाही. ही अनिश्चितता सरावाने कमी होत नाही, अंतर कमी केले तरच कमी होते. मला वाटते, सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. आमच्या रेंजवर कागदी टार्गेट जागचे हलत नाही, म्हणून हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

अमेरिकेत या वादाला नीट शब्द दिले ते बून अँड क्रॉकेट क्लबने. हा क्लब थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केला. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. गंमत अशी की हा शिकाऱ्यांचाच क्लब, आणि शिकारीला मर्यादा हव्यात हे त्यानेच सर्वांत आधी आग्रहाने मांडले. जनावराला निसटण्याची खरी संधी मिळाली पाहिजे, तरच ती शिकार, असे त्याचे तत्त्व आहे. २०१४ मध्ये क्लबने लांब पल्ल्याच्या गोळीबाराबद्दल भूमिका जाहीर केली. इतक्या दुरून जनावराचे नाक, कान, डोळे सगळे निरुपयोगी होतात, त्यामुळे हा गैरफायदा आहे, असे त्यांचे म्हणणे. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, म्हणजे त्याला बारही आधी ऐकू येत नाही.

पण क्लबने किती मीटर म्हणजे लांब हे ठरवले नाही. त्यांनी हेतू पाहिला. आपली रायफल किती दूरवर मारते हे जिवंत जनावरावर तपासून पाहणे, एवढाच हेतू असेल तर त्याला शिकार म्हणू नये, असे ते म्हणतात. हे मला पटते, पण एक अडचण दिसते. हेतू मोजायचा कसा? वनरक्षक शिकाऱ्याच्या मनात डोकावू शकत नाही, आणि डोंगरात टेप घेऊन अंतर मोजायलाही कोणी नसते.

म्हणून कायदा साधनांना धरतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दुर्बीण, पट्टा वगैरे धरून १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोंपेक्षा जड बंदूक चालत नाही. आपली इन्सास रिकामी असताना चार किलोंच्या आसपास भरते, यावरून कल्पना येईल. सव्वासात किलोंच्या वरचे धूड खांद्यावर घेऊन कोणी जनावराचा माग काढत हिंडत नाही, ते एका जागी मांडूनच बसावे लागते. रायफलीवर किंवा दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवायलाही तिथे मनाई आहे. फक्त दुर्बिणीतली प्रकाशित फुली चालते.

असा नियम का लागतो, हे ट्रॅकिंगपॉइंट या टेक्सासमधल्या कंपनीच्या रायफलीवरून समजते. ती २०१३ च्या सुमारास बाजारात आली. बटण दाबून जनावरावर खूण करायची आणि चाप दाबून धरायचा. संगणक अंतर, तापमान वगैरे धरून हिशेब करतो आणि फुली खुणेवर आली की गोळी आपोआप सुटते. वाऱ्याचा आकडा मात्र माणसालाच भरावा लागत असे! म्हणजे सर्वांत अवघड प्रश्न होता तिथेच राहिला.

आयडाहोचा नियम अपुराही आहे. आज चार किलोंची रायफलसुद्धा ९०० मीटरवर मारा करते, आणि खिशातल्या मोबाईलवर सगळा हिशेब होतो.

लांबून मारणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, वर्षातून एकदा रायफल बाहेर काढणारा माणूस १०० मीटरवरही जनावर जखमी करतो, आम्ही वर्षभर सराव करतो. हे खरे आहे. दुसरे म्हणजे, दूरच्या जनावराला चाहूल नसते, ते शांत उभे असते, म्हणून नेम नीट धरता येतो. यातही तथ्य आहे. पण गोळी झाडल्यानंतरचे काय? १०० मीटरवर जनावर कुठे उभे होते ते आपल्याला कळते, रक्त सापडते, दुसरी गोळी झाडता येते. ९०० मीटरवर दरी उतरून पलीकडे चढेपर्यंत तास जाऊ शकतो. तिथे पोचल्यावर सगळी झुडपे सारखीच दिसतात. रक्त सापडले नाही की माणूस "चुकली" म्हणून परत फिरतो. ती खरोखर चुकली की पोटात लागली, हे त्याला कधीच कळत नाही. व्हिडिओत या गोळ्या दाखवत नाहीत.

भावाने मला शाळेबद्दल विचारले होते, त्याचे उत्तरही इथे देतो. सैन्यातला स्नायपर लांबून मारतो, कारण समोरच्याकडेही बंदूक असते. अंतर हे त्याचे संरक्षण आहे. हरीण उलट गोळी झाडत नाही. तिथे अंतरामुळे शिकाऱ्याचे फक्त चालण्याचे आणि दबा धरण्याचे कष्ट वाचतात.

जखमी जनावर सोडून दिल्याचा परिणाम काय होतो, हे आपल्याकडे जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. १९०७ मध्ये त्यांनी कुमाऊँत चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसे मारली होती, असे त्यांच्या पुस्तकात आहे. मेल्यावर तिचे तोंड पाहिले तेव्हा उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा पार हाडापर्यंत तुटलेला होता. बंदुकीच्या जुन्या जखमेमुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येत नव्हते, असे त्यांनी लिहिले आहे. ती गोळी लांबून झाडलेली होती असे मी म्हणत नाही. पण कोणीतरी ती झाडली, आणि वाघीण जिवंत निसटली. पुढची किंमत डोंगरातल्या गावांनी मोजली, गवत आणि लाकडे आणायला गेलेल्या बायकांनी मोजली.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन काही शिकार करता येत होती, पण गाडीतून गोळी झाडणे, कृत्रिम उजेड पाडून मारणे, पाणवठ्यावर जनावर टिपणे यांना मनाई होती. जनावराला संधी मिळावी, हाच विचार तिथेही दिसतो. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकार बंदच झाली.

मला सर्वांत आवडला तो नॉर्वेचा मार्ग. तिथे मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाच्या ३० गोळ्या, मग १०० मीटरवर ५ गोळ्या, आणि पाचही ३० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात हव्यात. चार लागल्या तर नापास. शिवाय मूस किंवा हरणाच्या शिकारीला जाताना, जखमी जनावराचा माग काढणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याची सोय आधीच केलेली असावी लागते. म्हणजे गोळी चुकू शकते हे नियमातच धरलेले आहे.

आम्ही ही परीक्षा आमच्या रेंजवर करून पाहिली. .२२ रायफल, २५ यार्ड. त्या प्रमाणात वर्तुळ ६.९ सेंटीमीटरचे येते. नुसते झोपून झाडले तर अवघड नव्हते, आठही जण पास झालो. मग उस्ताद म्हणाले, शिकारी डोंगर चढून येतो, तुम्हीही मैदानाला एक फेरी मारून या. धावून आल्यावर छातीच्या ठोक्याबरोबर फुली वरखाली होत होती. या वेळी तिघे पास झाले. माझ्या चार गोळ्या आत होत्या. पाचवी दीड सेंटीमीटर बाहेर, डावीकडे. उस्तादांनी त्या भोकाभोवती पेन्सिलने खूण करून टार्गेट माझ्या हातात दिले. १०० मीटरच्या हिशेबाने ती चूक साडेसहा सेंटीमीटरची होते, ९०० मीटरच्या हिशेबाने जवळपास ६० सेंटीमीटरची. पुढच्या फायरिंगला आम्ही पाच जण पुन्हा परीक्षा देणार आहोत.