गुणसूत्रांची संख्या आणि रिबोसोमची जनुके

म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातील प्राणिशास्त्र विभागात काचेच्या बाटल्यांतून फळमाश्या वाढविण्याचे काम अनेक दशके चालत आले आहे. पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी ही इवलीशी माशी म्हणजेच शास्त्रज्ञांची ड्रोसोफिला. तिचे नासुटा व अल्बोमिकन्स हे दोन प्रकार ह्या विभागाने विशेष अभ्यासले. नासुटा दक्षिण भारतात आढळते. अल्बोमिकन्सचे घर आग्नेय व पूर्व आशियात. दिसण्यात दोघी जवळजवळ सारख्या. तथापि पेशीविभाजनाच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजली, तर नासुटाची ८ भरतात आणि अल्बोमिकन्सची ६. उरलेली दोन गेली कोठे?

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे इष्ट आहे. १८८८ साली वाल्डायर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने योजलेल्या मूळ शब्दाचा अर्थ ‘रंग घेणारा पिंड’ असा होतो. म्हणून काही मराठी लेखक ‘रंगसूत्र’ म्हणत. आपण रूढ झालेला ‘गुणसूत्र’ हाच शब्द वापरू. दोन्हींतले ‘सूत्र’ मात्र आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

दोन दोरे टोकाशी गाठून एक केले, तर दोऱ्यांची संख्या घटते, सूत घटत नाही. अल्बोमिकन्समध्ये नेमके हेच घडले आहे. नासुटात स्वतंत्र असणारे तिसरे गुणसूत्र अल्बोमिकन्समध्ये लिंगगुणसूत्रांना, म्हणजे एक्सला आणि वायलाही, जोडले गेले आहे.

ह्या दोन प्रकारांचा संकर केला असता एकीकडून ४ व दुसरीकडून ३ अशी ७ गुणसूत्रांची संतती होते, आणि आश्चर्य असे की ती वांझ नसते. म्हैसूरच्या संशोधकांनी ही संकरित प्रजा पिढ्यान्‌पिढ्या वाढविली. रामचंद्र व रंगनाथ ह्यांनी १९८६ मध्ये ह्या संकरातून गुणसूत्रांची मांडणी कशी नव्याने होते, ते प्रसिद्ध केले. त्यांतून स्थिरावलेल्या एका नव्या कुळात नरांची गुणसूत्रे ७, तर मादींची ६ असतात. कोडे सोपे आहे. ह्या कुळाने जोडलेला एक्स अल्बोमिकन्सकडून घेतला, पण सुटा वाय आणि त्याच्यासोबतचे सुटे तिसरे गुणसूत्र नासुटाकडून घेतले. मादीजवळ जोडलेले दोन एक्स. नराजवळ जोडलेला एक एक्स, एक वाय आणि एक सुटे तिसरे. दोन्ही पूर्वजांत नसलेली मांडणी प्रयोगशाळेतील बाटल्यांत, माणसाच्या डोळ्यांदेखत, उदयास आली.

माशीची गुणसूत्रे थोडी असल्यामुळे ती ओळखता तरी येतात. जेथे ती तीस-चाळीस असून बारीक असतात, तेथे एखादी खूण हाताशी हवी. अशी खूण रिबोसोमच्या जनुकांनी पुरविली.

रिबोसोम हे पेशीतील प्रथिने घडविणारे सूक्ष्म कारखाने होत. त्यांचा सांगाडा आरएनएचा असतो, आणि तो इतका लागतो की त्याच्या जनुकांच्या शेकडो प्रती गुणसूत्रावर एका ओळीत असतात. तेथेच केंद्रिका तयार होते. मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावरील केंद्रिका घडविणारी जागा बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांनी १९३४ मध्ये दाखविली होती. ती जागा म्हणजे ह्याच जनुकांचे स्थान, हे रितोसा व स्पीगेलमन ह्यांनी १९६५ मध्ये फळमाशीवर सिद्ध केले. ती जागा एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असलेल्या माश्या त्यांनी घेतल्या. त्यांच्या डीएनएला चिकटणारा रिबोसोमचा आरएनए त्याच प्रमाणात वाढत गेला. ह्या प्रती कमी पडल्या तर माशीची वाढ मंदावते, अंगावरील राठ केस आखूड राहतात. मुळीच नसल्या तर ती जगत नाही.

१९६९ मध्ये गॉल व पार्ड्यू ह्यांनी ही जनुके काचपट्टीवरच दाखविण्याची युक्ती काढली. डीएनएचे दोन धागे विलग करून त्यांवर किरणोत्सर्गी आरएनए सोडला की तो फक्त जुळत्या जागी बसतो, व छायाचित्रणाच्या लेपात तेथे काळे ठिपके उमटतात. पुढे किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी चमकणारे रंग आले.

ह्याच रंगांनी २००४ मध्ये दोन स्कॅलप शिंपल्यांची तपासणी झाली. स्कॅलप म्हणजे पंख्याच्या आकाराचा शिंपला, कोकणातील तिसऱ्या-कालवांचा दूरचा आप्त. चीनच्या किनाऱ्यावरील फॅरेरी जातीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील इरेडियन्स जातीत १६. फॅरेरीमध्ये रिबोसोमच्या मोठ्या आरएनएची आणि ‘५ एस’ ह्या लहान आरएनएची जनुके एकाच गुणसूत्रावर दिसली. इरेडियन्समध्ये मोठ्यांची जनुके दोन निरनिराळ्या गुणसूत्रांवर, आणि लहानाची तिसऱ्याच गुणसूत्रावर!

नुसत्या गाठी पडल्या असत्या तर एकत्र असलेली खूण अशी पांगली नसती. भुजांची मोजणीही तेच सांगते. गुणसूत्राच्या मध्यबिंदूपासून दोन बाजूंना निघणाऱ्या भुजा मोजल्या, तर फॅरेरीच्या १९ गुणसूत्रांच्या ३८ होतात. इरेडियन्सच्या १६ गुणसूत्रांच्या अवघ्या २१. संशोधकांनी ह्यावरून असे अनुमान काढले की इरेडियन्सची मांडणी फॅरेरीसारख्या जुन्या मांडणीपासून निघाली, आणि वाटेत गुणसूत्रांची केवळ उलथापालथच नव्हे, तर मोठी हानीही झाली. म्हैसूरच्या माशीत सूत कायम राहून दोरे जोडले गेले होते. ह्या शिंपल्यात सूतच कमी झाले, आणि तरीही शिंपला जगला.