एक शहर, दोन नावे : स्ट्रासबुर्गमधील दोन दिवस

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीराला लागून आल्सास नावाचा प्रांत आहे. त्याच्या मुख्य शहराला जर्मन लोक श्ट्रासबुर्ग म्हणतात आणि फ्रेंच लोक स्त्राझबूर. या लेखात मी ‘स्ट्रासबुर्ग’ असे लिहिणार आहे. त्यात कोणाची बाजू घेण्याचा हेतू नाही. मी जर्मन शिकावयास गेलो होतो आणि जिभेला तसेच वळण पडले होते, एवढेच. आपल्या गावालाही दोन नावे आहेत, तेव्हा वाचकांना हा खुलासा चमत्कारिक वाटू नये.

२०१८ च्या हिवाळी सत्रात मी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एका कुटुंबात राहत होतो. यजमानीणबाईंच्या आईचे माहेर आल्सासमधले. आई हयात नव्हती, परंतु तिची धाकटी बहीण, म्हणजे बाईंची मावशी, स्ट्रासबुर्गला लेकीकडे राहत असे. ऑक्टोबरातील एका शनिवारी बाई तिला भेटावयास निघाल्या आणि त्यांनी मलाही बरोबर घेतले. ओफेनबुर्गला गाडी बदलली, ऱ्हाईनवरील पूल ओलांडला, आणि आपण दुसऱ्या देशात आलो हे मला स्टेशनवरच्या पाट्या वाचून कळले.

स्टेशनबाहेरच्या पावाच्या दुकानात मी नव्याने कमावलेले जर्मन वापरणार, तोच बाईंनी मला मागे ओढले. “आधी बोंझूर म्हणायचं,” त्या हळूच म्हणाल्या. “मग ती आपणहून जर्मन बोलेल. पण सुरुवात आपण करायची नाही.” आणि तसेच झाले.

ही सावधगिरी कोठून आली हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावयास हवा. हे मूळचे जर्मनभाषी स्वतंत्र नगर. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने ते फ्रान्सला जोडले, पण लोकांची बोली काही बदलली नाही. फ्रान्सचे राष्ट्रगीत ‘ला मार्सेयेज’ रूजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने १७९२ च्या एप्रिलमध्ये रचले ते याच गावी. म्हणजे फ्रेंच देशभक्तीचे गाणे जर्मन बोली चालणाऱ्या शहरात जन्मले! १८७१ मध्ये युद्ध जिंकून जर्मनीने प्रांत घेतला, १९१८ मध्ये तो फ्रान्सकडे परत आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे गेला आणि १९४४ च्या नोव्हेंबरात पुन्हा फ्रान्सकडे. १८७० पूर्वी जन्मलेल्या एखाद्या दीर्घायुषी माणसाचे घर न बदलता चार वेळा राष्ट्र बदलले असणार.

शनिवारी दुपारी आम्ही कॅथीड्रलमध्ये गेलो. १४२ मीटर उंचीचा एकच मनोरा. दुसऱ्याची जागा रिकामीच राहिली आहे. १६४७ ते १८७४ या काळात ही जगातील सर्वांत उंच इमारत होती. आत एक प्रचंड खगोलीय घड्याळ आहे. त्याचे सध्याचे यंत्र श्विल्गे नावाच्या स्थानिक कारागिराने बसविले आणि १८४२ मध्ये ते चालू झाले. दुपारी बाराच्या ठोक्याला ख्रिस्तापुढून त्याचे बारा शिष्य जातात आणि वर बसलेला यांत्रिक कोंबडा तीनदा आरवतो. मात्र हे बारा वाजतात साडेबाराला! घड्याळ गावाच्या स्वतःच्या सूर्यवेळेवर चालते आणि ही वेळ मध्य युरोपीय प्रमाणवेळेच्या एकोणतीस मिनिटे मागे आहे. भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता, त्याची मला आठवण झाली. सरकार पॅरिसचे असो वा बर्लिनचे, या घड्याळाने मात्र आपलीच दुपार धरून ठेवली आहे.

युरोपीय संसदेची काचेची इमारत आम्ही ट्रॅममधूनच पाहिली. तिच्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. आपणां विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटावी अशी वास्तू म्हणजे तेथील विद्यापीठ-ग्रंथालय. १८७० च्या वेढ्यात जर्मन तोफांनी शहराचे जुने ग्रंथालय जाळले. लाखो ग्रंथ गेले, आणि त्यांत बाराव्या शतकातील हेराड नावाच्या मठाधिकारिणीने सिद्ध केलेली ‘होर्टुस डेलिसिआरुम’ ही सचित्र पोथीही गेली. पुढे ज्यांनी जाळले त्यांनीच देशोदेशी आवाहन करून पुस्तके जमविली आणि नवे ग्रंथालय उभारले. त्याची घुमटाची इमारत १८९५ ची. आज तेथे तीस लाखांहून अधिक ग्रंथ व अन्य साहित्य आहे. जळालेल्या पोथीच्या मात्र पूर्वी कोणी कोणी करून ठेवलेल्या नकलाच तेवढ्या उरल्या.

ग्रंथालयासमोरच्या चौकात १९३६ मध्ये उभारलेले युद्धस्मारक आहे. लेओं द्रिव्हिए या शिल्पकाराचे हे काम. एका मातेच्या मांडीशी दोन मरणोन्मुख पुत्र आहेत. त्यांच्या अंगावर गणवेश नाही, त्यामुळे कोण कोणत्या सैन्यात होता हे कळत नाही. फ्रान्सच्या गावोगावी अशा स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी मृत्यू पावलेले’ अशा अर्थाचे शब्द असतात. येथे फक्त ‘आमच्या मृतांस’ एवढेच कोरले आहे. ‘कोणासाठी’ ते लिहिण्याची सोयच नव्हती, कारण पहिल्या महायुद्धात येथील बहुतेक तरुण जर्मन सैन्यातून लढले होते. पुढे १९४२ पासून नाझींनी आल्सास आणि शेजारचा मोझेल जिल्हा येथून सुमारे एक लाख तीस हजार तरुणांना सक्तीने आपल्या सैन्यात भरती केले. त्यांना आजही ‘मालग्रे-नू’, म्हणजे ‘मनाविरुद्ध गेलेले’, असे म्हणतात. बाईंचा थोरला मामा त्यांपैकीच एक. तो रशियाच्या बाजूला गेला आणि परत आला नाही. बाई तेथे काही बोलल्या नाहीत. ओल्या बाकावरची पाने हाताने झाडून थोडा वेळ बसल्या.

रात्री मुक्काम मावशींकडे होता. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, तिखट स्वभावाच्या. त्यांची बोली आल्सेशियन, म्हणजे जर्मनच्या आलेमानी शाखेतली. फ्रायबुर्गच्या बाजारातील शेतकरी बोलतात तिची ही सख्खी बहीण, त्यामुळे मला ती निम्मीशिम्मी कळत होती. रविवारी सकाळी बटाटे सोलताना त्यांनी आपल्या शाळेची हकीगत सांगितली. १९४० मध्ये त्या पहिल्यांदा शाळेत गेल्या तेव्हा फ्रेंच शब्द उच्चारायला बंदी होती. त्यांचे फ्रेंच नावसुद्धा पुसून जर्मन लिहिले गेले. १९४५ मध्ये त्याच शाळेत, त्याच बाकावर, जर्मन बंद झाले. घरची बोली मधल्या सुट्टीत तोंडून निघाली तरी शंभर ओळी लिहिण्याची शिक्षा होई. पहिल्यांनी ती बोली जर्मन म्हणून आपलीशी केली, दुसऱ्यांनी जर्मन म्हणूनच हाकलली. ती आमची आहे असे कोणीच म्हटले नाही, हे सांगताना त्यांची सुरी थांबली होती.

येथवर दोष सरकारांचा. पुढचा भाग मावशींनी स्वतःच सांगितला, आणि मला तो अधिक विचार करण्याजोगा वाटतो. लेक झाली तेव्हा कोणतीही बंदी उरली नव्हती. तरी पोरीला नोकरी मिळावी, तिच्या उच्चाराला कोणी हसू नये, म्हणून नवराबायकोने तिच्याशी फ्रेंचमध्येच बोलायचे ठरविले. आपापसांत मात्र बोली. परिणाम असा की लेकीला बोली कळते, पण बोलता येत नाही, आणि पंधरा वर्षांच्या नातीला कळतही नाही. ती शाळेत जर्मन शिकते, परकी भाषा म्हणून. जुन्या शहरातील रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नावाखाली आल्सेशियन नाव लिहिलेले असते. नातीने ते मला वाचून दाखविले ते फ्रेंच धाटणीने, आणि ते ऐकून आजी हसल्या. बटाट्याला फ्रेंचमध्ये ‘पोम द तेर’, जर्मनमध्ये ‘कार्टोफेल’ आणि मावशींच्या बोलीत ‘ग्रुम्बीर’, म्हणजे जमिनीतले नासपती. हा शब्द घरात आता फक्त स्वयंपाकघरापुरता उरला आहे, असे लेक म्हणाली. माझी भाची इंग्रजी शाळेत जाते आणि घरी आल्यावर ‘पोटॅटोची भाजी’ मागते, हे मी तेथे सांगितले नाही.

जेवणानंतर नातीने देवनागरीत आपले नाव लिहून मागितले. मी लिहून दिले. ते पाहून मावशींनीही कागद पुढे सरकविला. त्यांना आपल्या जन्मगावाचे नाव हवे होते. “कोणतं लिहू? फ्रेंच की जर्मन?” मी विचारले.

“दोन्ही नको,” त्या म्हणाल्या. “आम्ही म्हणतो तसं लिही.”

त्यांनी ते तीनदा उच्चारले. मधला स्वर ‘ए’ आणि ‘आ’ यांच्या अधलामधला होता. मी ‘ॲ’ घालून वेळ मारून नेली. नात माझ्या अक्षरांवर बोट ठेवून एकेक उच्चार करू लागली, आणि मावशी दर वेळी तिला थांबवून पुन्हा म्हणावयास लावीत राहिल्या. परतीची पाचची गाडी आम्ही चुकविली.